शेवटच्या गाळ्याच्या फळ्या

कवळीकाकांकडे माप द्यायला बसलेल्या माणसाची एक अडचण असे. गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे एकदा जबड्यावर दाबला की तो घट्ट होईपर्यंत तोंड मिटता येत नाही, मान हलवता येत नाही आणि बोलता तर मुळीच येत नाही. नेमक्या त्याच वेळी काका नदीबद्दल बोलायला लागत.

"पुलावरून आलात ना? बंधाऱ्याकडे पाहिलंत?"

"अं."

"पाहायचं होतं. पाणी वाढलं की खालचे मासे वर निघतात. वरच्या अंगाला गोट्यांचा उथळ भाग आहे ना, तिथं अंडी घालतात. मध्ये आपला हा बंधारा. फळ्या काढल्या तर जातील, नाही तर आपटून आपटून खाली पडतील. हलू नका. आणि तिथं चिखलात अंडी घालून उपयोग नाही, गोट्यांच्या फटीतच ती टिकतात. झालं, थोडंच राहिलं."

थोडंच राहिलं ते लगद्याचं की माशांचं, हे बसलेल्याला कळत नसे. ट्रे निघाला की तो आधी चूळ भरी आणि मग काकांनी पुढे केलेल्या कागदावर सही करी. दात करून घ्यायचे आहेत, सहीला कोण नाही म्हणणार? गावात चेष्टा चाले की माशांच्या अर्जावरच्या निम्म्या सह्या बोळक्या तोंडाच्या लोकांच्या आहेत. काकांना 'माशांचा वकील' हे नाव पडलं ते तेव्हापासून.

पुढच्या खोलीत दातांचे डॉक्टर बसत आणि मागच्या खोलीत काका कवळ्या करत. खोली अरुंद होती. एका बाजूला प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, दुसऱ्या बाजूला मेण वितळवायचा दिवा, कोपऱ्यात कवळी घासायची चकती. ती सुरू झाली की गुलाबी भुकटी उडे आणि काकांच्या भुवयांवर बसे. खिडकीतून नदी दिसायची. म्हणजे पूर्वी दिसायची. मधे एक इमारत उभी राहिली आणि आता तिच्या बाजूनं पाण्याची एक अरुंद, उभी चिरोटी तेवढी दिसे. बंधाऱ्याचा शेवटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली फळ्या लावायची जागा, त्या चिरोटीत येई, एवढंच काय ते नशीब.

तरुणपणी काका दुपारचा डबा घेऊन बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर बसत. तिथंच एकदा त्यांनी माशांना फळ्यांवर आपटताना पाहिलं. बोटभर मिशांचे, रुपेरी पोटाचे मासे उसळी मारत, फळीवर आदळत, खाली पडत आणि पुन्हा उसळी मारत. काकांचा डबा तसाच राहिला. शेजारी गळ टाकून एक माणूस उभा होता. एका पायावर भार देऊन तो तासन् तास न हलता उभा राही, म्हणून त्याला सगळे बगळा म्हणत.

"मूर्ख आहेत का रे हे?" काकांनी विचारलं होतं.

"मूर्ख नाहीत. त्यांना फळ्या ठाऊक नाहीत," बगळा म्हणाला होता. "त्यांच्या पणजोबांच्या वेळी इथं काही नव्हतं."

त्या एका वाक्यानं काकांच्या आयुष्याचं भजं झालं, असं काकू म्हणत. लग्न नवीन होतं. फिरायला जायचं म्हणून साडी नेसून तयार व्हावं तर हे कचेरीत अर्ज घेऊन गेलेले. पुढे नदी समिती निघाली. तिच्यात औषधाच्या दुकानाचे मालक होते, शाळेतल्या दोन बाई होत्या, एक निवृत्त पोस्टमन होते. बैठका काकूंच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत होत. चहा काकूंचा, तावातावानं बोलणं बाकीच्यांचं. पण काम झालं. पाणी वाढायच्या सुमाराला बंधाऱ्याच्या फळ्या काढायच्या आणि मासे वर गेले की पुन्हा बसवायच्या, असा ठराव झाला. काकांनी त्या दिवशी घरी येऊन काकूंना सांगितलं, "झालं. आता सगळं तुझ्या मनासारखं."

झालं काहीच नव्हतं. ठराव झाला म्हणून फळ्या आपोआप थोड्याच निघतात? दर वर्षी पाणी वाढायला लागलं की काका कचेरीत जात. फळ्या काढणारे लोक दुसऱ्या कामावर गेलेले असत, किंवा सहीचे साहेब रजेवर असत, किंवा कागद भलत्याच टेबलावर झोपलेला असे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून पुन्हा पहिलीत. कवळ्या अर्धवट पडून राहत, डॉक्टर कपाळाला हात लावत. "काका, माणसांच्या तोंडाचंही बघा हो जरा." एके वर्षी मासे येऊन गेल्यावर फळ्या निघाल्या. त्या वर्षी काका कुणाशीच फारसं बोलले नाहीत, माप देणाऱ्यांशीसुद्धा.

समितीतले लोक एकेक करून गळाले. पोस्टमन गेले, दोन्ही बाई आपापल्या मुलांकडे राहायला गेल्या, औषधवाल्यांना ऐकू येईनासं झालं. ते अजूनही बैठकीला येत, पण चहाला आल्यासारखे.

मधल्या काळात काकांनी आणखी एक गोष्ट करून घेतली होती. फळ्या काढल्या की वर चढणारे मासे गाळ्यापाशी गर्दी करत आणि तिथं गळ टाकला की हमखास लागत. अंड्यांनी भरलेली मादी गळाला लटकलेली बघून काकांना अन्न गोड लागेना. त्यांनी अर्जावर अर्ज करून बंधाऱ्याजवळ मासेमारीला आणि हंगामात तिथं बसायलाही बंदी आणली. पाटी लागली. पाटीला न जुमानणारा गावात एकच माणूस होता.

काकांनी त्याला आधी समजावलं. बगळा म्हणाला, "मी नाही पकडले तर तुझे मासे काय कचेरीत सही करायला जाणारेत?" दुसऱ्या दिवशी काकांनी बंधाऱ्यावरच्या पहारेकऱ्याला बोट करून दाखवलं. बगळ्याची काठी जप्त झाली. ती बांबूची होती, त्याच्या हातची, धरून धरून मुठीपाशी काळी झालेली. बगळ्यानं काकांकडे पाहिलं आणि तो चालता झाला. त्याच्या तोंडात तेव्हा काकांनीच केलेली कवळी होती. पुढे हिरड्या झिजल्या, ती ढिली झाली, बोलताना खाली घसरू लागली. पण बगळा काकांच्या दारात आला नाही. दुसऱ्या कुणाकडेही गेला नाही. लोक सांगत, जिभेनं कवळी सावरत सावरत बोलतो आणि जेवताना काढून पेल्यात ठेवतो.

काकांना हे ठाऊक होतं. चकतीवर दुसऱ्या कुणाची कवळी घासताना ते कधी कधी थांबत.

आता काका थकले होते. गुडघे धरत होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. आणि अशातच कचेरीनं नवा बेत काढला. बंधाऱ्यामागे कायमचं पाणी अडवायचं, तिथं होड्या सोडायच्या, काठानं फरसबंदी करायची. फळ्या बारा महिने बसवलेल्याच ठेवायच्या. कुणाची हरकत असेल तर सुनावणीला हजर राहावं.

"जाऊ नका," काकू म्हणाल्या. त्या काकांच्या शर्टाला बटण लावत होत्या, म्हणजे काका जाणार हे त्यांनी धरलेलंच होतं. "फरसबंदी झाली तर मला फिरायला बरी. इतकी वर्षं फिरायचं राहिलंय."

"अगं, पण मासे..."

"त्या माशांना तरी ठाऊक आहे का, तुम्ही त्यांच्यासाठी भांडताय ते?"

काकांना हसू आलं. "त्यांना फळ्याच ठाऊक नाहीत, तर मी कुठून ठाऊक असणार!"

सुनावणी घेणाऱ्या मॅडम शांत बाई होत्या. टेबलावर कागदांचा ढीग, पंखा कुरकुरत होता. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं. काकांना इतक्या वर्षांत कुणी मधे न बोलता ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे ते मधेच चाचपडले. मॅडम म्हणाल्या, "इंजिनिअर म्हणतात, वरच्या अंगाला मासे आहेत ते वरचेच आहेत. खालून कुणी चढत नाही. तुम्ही म्हणता चढतात. अलीकडे पाहिलेत तुम्ही?"

काकांनी तोंड उघडलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांना खरंच आठवेना. मासे चढायच्या दिवसांत ते दर वर्षी इथंच, याच कचेरीच्या बाकावर बसलेले असत. फळ्या निघाल्याचा निरोप आला की घरी जाऊन आडवे होत. गेल्या काही वर्षांत तर बंधाऱ्याच्या पायऱ्याही उतरवत नव्हत्या. माशांसाठी धावता धावता मासे बघायचेच राहून गेले होते.

"अलीकडे... नाही."

"दुसऱ्या कुणी?"

काकांनी आठवून पाहिलं. पाटी लागल्यापासून तिकडे कोण फिरकत होतं? पोरं जात नव्हती, गळवाले जात नव्हते. ओळखीची नजरच त्यांनी तिथून हाकलून लावली होती.

"मी पुढच्या आठवड्यात पुन्हा सुनावणी ठेवते, मग निकाल देईन," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "प्रत्यक्ष पाहिलेलं एखादं माणूस आणा. नुसत्या सह्यांवर मला काही करता येणार नाही."

बगळ्याचं घर नदीच्या बाजूच्या गल्लीत होतं. काका थांबत थांबत गेले. दार उघडं होतं. बगळा दुधात पाव बुडवून खात बसला होता. पेल्यात कवळी होती. काकांना पाहून त्यानं आधी शांतपणे घास संपवला, मग कवळी धुतली, तोंडात बसवली, अंगठ्यानं वर दाबली.

"या वकीलसाहेब. पहारेकरी बाहेर ठेवलाय का?"

"एकटाच आलोय."

"मग बसा. काठी भिंतीला लावलेली नाही, बघून घ्या. तुमच्याकडेच आहे ती."

काका स्टुलावर बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते गेलं. ते एवढंच म्हणाले, "मासे चढतात का रे अजून?"

बगळ्यानं कवळी जिभेनं सावरली. "तू बघत नाहीस?"

"नाही."

"कमालच आहे तुझी." बगळा हसला तशी कवळी खाली आली. त्यानं ती पुन्हा दाबली. "चढतात. पूर्वीसारखे नाहीत. पण शेवटच्या गाळ्यातून चढतात. तिथं पाण्याची धार मऊ असते. मधल्या गाळ्यांतून प्रयत्न करतात, दमतात, मग कडेला येतात."

"तू कसं पाहिलंस?"

"कसं म्हणजे? डोळ्यांनी."

बंदीच्या जागी बसल्याशिवाय हे दिसलंच नसतं, हे दोघांनाही कळलं होतं.

काकांनी सुनावणीचं सांगितलं. बगळा ऐकत होता आणि पावाचे तुकडे एका बाजूला गोळा करत होता. "म्हणजे मी तिथं जाऊन सांगायचं, की साहेब, मी पाटीखाली बसून गळ टाकतो, म्हणून मला ठाऊक आहे. बरोबर? मग ते विचारणार, नवी काठी कुठंय. तीही जाणार. या वयात मला दुसरी काठी करवत नाही रे. हात कापतात."

"मी आग्रह करत नाही," काका म्हणाले. त्यांना खरंच आग्रह करायचं त्राण नव्हतं. ते उठले आणि गुडघे धरून क्षणभर तसेच उभे राहिले. दाराशी वळून म्हणाले, "सुनावणीचं राहू दे. पण कवळी घेऊन ये. असलं ढिलं काम माझ्या नावावर फिरतंय गावात."

बगळा आला, दोन दिवसांनी. त्याला खुर्चीत बसवून काकांनी कवळी उन्हात धरली. आतून पिवळी पडली होती, कडेला चरा गेला होता. त्यांनी ती घासली, आतल्या बाजूला लगद्याचा थर दिला आणि बगळ्याच्या तोंडात बसवली. "चाव. हलू नकोस." खालचा ओठ बोटानं धरून ते उभे राहिले.

बगळा डोळे वर करून वाट बघत होता. आता हा बोलणार. सगळ्या गावाला बोलतो तसा मलाही बोलणार. पुढच्या खोलीतून डॉक्टरांच्या यंत्राची घरघर येत होती. खिडकीतल्या चिरोटीत पाणी होतं. काका काही बोलले नाहीत. थर घट्ट होईपर्यंत ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, बोटं न हलवता.

कवळी निघाली, बगळ्यानं चूळ भरली. "बोलला नाहीस?"

"दमलो रे बोलून."

बगळ्यानं कवळी घालून पाहिली. दात आपटून पाहिले. गालात हवा भरून पाहिली. घट्ट होती. आरशात बघत तो म्हणाला, "सुनावणी किती वाजता आहे?"

बगळा कचेरीत धुतलेला शर्ट घालून आला. औषधवाले आले होते, काकू आल्या होत्या, त्यामुळे बाक भरल्यासारखा दिसत होता. मॅडमनी विचारलं तेव्हा बगळा उभा राहिला, एका पायावर भार देऊन. त्यानं जेवढं पाहिलं होतं तेवढं सांगितलं. पाण्याचा रंग बदलला की मासे कधी येतात, कुठून चढतात, कोणत्या वर्षी फळ्या उशिरा निघाल्या आणि मेलेले मासे पायऱ्यांना लागले.

"तिथं बंदी आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

"आहे."

"तरी तुम्ही बसत होता?"

"बसत होतो. पकडतही होतो. अंड्याची मादी लागली की सोडून देतो, पण ते तुम्ही धरू नका. कोण विश्वास ठेवणार?"

इंजिनिअर हसले. मग तेही म्हणाले, शेवटचा गाळा उघडा ठेवला तर होड्यांच्या पाण्याला फारसा धक्का लागणार नाही, बघता येईल. मॅडम लिहीत राहिल्या. काकांना वाटलं होतं आपण जिंकलो किंवा हरलो की कळेल. तसं काही झालं नाही.

निकाल आला तो अर्धामुर्धा. फळ्या बारा महिने राहतील, फक्त शेवटच्या गाळ्यातल्या फळ्या मासे चढायच्या हंगामात काढाव्यात. दर वर्षी कुणीतरी बघून मासे चढतात की नाही ते कळवावं. सलग काही वर्षं मासे दिसले नाहीत तर तोही गाळा बंद करावा. बंदी मोडल्याबद्दल बगळ्याला ताकीद मिळाली, पुन्हा सापडला तर काठी जप्त.

आता बघणार कोण? बंधाऱ्याजवळ हंगामात कुणी बसायचं नाही, ही बंदी काकांनीच मिळवलेली. ती थोडी सैल करा, एका माणसाला तिथं गळाशिवाय बसू द्या, असा अर्ज काकांनीच केला. कारकुनानं तो वाचून विचारलं, "काका, हे तुमच्याविरुद्धच आहे ना?"

"हो," काका म्हणाले. "लवकर होईल का?"

बगळ्याला परवानगीचा कागद दिला तेव्हा तो म्हणाला, "गळाशिवाय नदीवर बसायचं म्हणजे दात काढून पंगतीला बसायचं." पण कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

पाणी वाढलं. फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत. काका कचेरीत गेले, बाकावर बसले, पुन्हा गेले. शेवटी एका दुपारी त्यांना खिडकीतल्या चिरोटीत बदल दिसला. शेवटच्या गाळ्यातून पाणी पांढरं होऊन पडत होतं. त्यांनी चकती बंद केली, पाहिलं आणि पुन्हा सुरू केली. बगळा रोज तिथं जात होता. त्याच्याकडून काही निरोप नव्हता. पलीकडच्या पाच गाळ्यांमागे पाणी संथ झालं होतं आणि त्यावर रंगीत होड्या बांधून ठेवल्या होत्या. काकू दोनदा फिरायला जाऊन आल्या, काका जाऊ शकले नाहीत.

"काही दिसलं का तुला?" त्यांनी काकूंना विचारलं.

"बगळा दिसला. हातवारे करून मला म्हणाला, लांबून जा, पाण्यावर सावली पडते."

मग एका सकाळी बगळा काकांच्या खोलीत येऊन खुर्चीत बसला. कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते.

"कवळी टोचते," तो म्हणाला.

"कुठं?"

"वरती. डाव्या बाजूला."

काकांनी कवळी काढली, हिरडी पाहिली. काही लाल नव्हतं. तरीही त्यांनी पातळसा लगदा लावून कवळी परत बसवली, कुठं दाब येतो ते बघायला. "चाव. हलू नकोस." ओठ धरला.

आणि मग बगळ्यानं मांडीवरचा हात उचलला. तळवा उभा धरला, मासळीसारखा. तो हळूहळू वर नेला, थरथरवला आणि खाली पाडला. पुन्हा वर नेला, पुन्हा पाडला. काकांचे दोन्ही हात गुंतलेले होते. लगदा घट्ट झाला नव्हता. बगळ्याच्या डोळ्यांत खट्याळपणा होता, पण हात गंभीर होता. हात पुन्हा उठला, कडेला सरकला, जिथं धार मऊ असते तिथं, थरथरत वर चढला, खुर्चीच्या हाताच्या वर गेला, बगळ्याच्या खांद्याच्याही वर.

काका बघत राहिले. हात खाली आला नाही.

"हलू नकोस म्हटलं ना," ते म्हणाले आणि पायानं स्टूल ओढून त्यावर बसले.